एटीकेटी ठेवा, पण चढ-उतार बंद करू नका

आपल्या ऑनलाइन बुद्धिबळ लीगच्या सर्व खेळाडूंना,

मंडळी, नमस्कार.

येत्या रविवारी मतदान आहे. चौदा जणांच्या सहीचा ठराव ग्रुपवर आलाय, तो सगळ्यांनी वाचला असेलच. दोनच ओळी आहेत. एक, चढ-उतार (हंगामाअखेर श्रेणी बदलणं) बंद करायचा. दोन, दर हंगामाआधी रेटिंग बघून चाळीस जणांचे चार गट नव्याने पाडायचे. डावांच्या जोड्या लावणाऱ्या माणसाने मतं मोजावीत, देऊ नयेत, असं मला दोघा-तिघांनी खासगीत सुचवलं. मतमोजणी मी दुसऱ्या कुणाकडे देतो. पण गप्प बसवत नाही, कारण या ठरावाला निमित्त झालेली चूक माझी आहे आणि तिचा राग भलत्याच गोष्टीवर निघतोय.

तर आधी ती चूक.

नव्यांसाठी थोडं मागून सांगतो. आपल्याकडे चार श्रेणी, प्रत्येकीत दहा जण. प्रत्येकाने उरलेल्या नवांशी एकेकदा खेळायचं, म्हणजे एका श्रेणीत ४५ डाव आणि चारी मिळून १८०. आठवड्याला एक डाव, ३० मिनिटं आणि दर चालीला १५ सेकंद. नऊ आठवडे खेळ, दहावा आठवडा राहिलेल्या डावांसाठी. शेवटी वरचे दोघे वर, खालचे दोघे खाली. २०२० च्या टाळेबंदीत बारा जणांनी सुरुवात केली तेव्हा यातलं काही नव्हतं, एक गट आणि एक गूगल शीट. माणसं वाढली तशा श्रेणी आल्या, आणि त्यांना आकडे देताना आपण शाळा उलटी करून ठेवली. इथे पास झालेला चौथीतून तिसरीत जातो, आणि पन्नाशीचे इंजिनिअर पहिलीत बसायला मिळावं म्हणून रविवारची झोप मोडतात.

गेल्या हंगामात दुसऱ्या श्रेणीतला एक जण चार फेऱ्या खेळून निघून गेला. कारण ऑफिसचं होतं, खरं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. अशा वेळी काय करायचं ते फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमांत आहे: साखळी स्पर्धेत निम्म्यापेक्षा कमी डाव खेळून कुणी गेला, तर त्याचे निकाल क्रमवारीत धरायचे नाहीत, निम्मे किंवा जास्त खेळून गेला, तर झालेले निकाल ठेवायचे आणि उरलेल्या प्रतिस्पर्ध्यांना पुढे चाल, म्हणजे न खेळता गुण, द्यायची. नवाचे निम्मे साडेचार. चार म्हणजे निम्म्याहून कमी. मी त्याची आडवी ओळ राखाडी केली, उभा रकाना राखाडी केला, आणि लॅपटॉप मिटून जेवायला गेलो.

त्या राखाडी रकान्यात एक गुण मिरजेच्या काकांचा होता. काकांना तुम्ही सगळे ओळखता. लॅपटॉपच्या शेजारी लाकडी पट मांडून बसतात, समोरच्याची चाल पडद्यावर आली की आधी पटावर करतात, मग विचार, मग आपली चाल पटावर, मग पडद्यावर. दर चालीला त्यांचे सात-आठ सेकंद या ये-जा करण्यात जातात. दोनशे पानी वहीत डाव लिहितात, वर तारीख, खाली प्रतिस्पर्ध्याचं नाव आणि गाव. दुसऱ्या फेरीत त्यांनी त्या गृहस्थांना हरवलं होतं, हत्ती देऊन. एकविसाव्या चालीला हत्ती दिला आणि चौतिसाव्याला मात केली. हंगामातला त्यांचा सगळ्यात देखणा डाव. दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज आला, एवढाच: "माझा तो डाव कुठे गेला?"

मी उत्तर दिलं की डाव साइटवर आहेच, फक्त गुण धरलेला नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबर उत्तर, पण अशी उत्तरं खिडकीपलीकडचे कारकून देतात.

पुढे तर जास्तच बिघडलं. श्रेणीत नऊ जण उरले. काका आठ डावांत ३ गुणांवर संपले, नवांत आठवे. आपल्या नियमात लिहिलंय, "शेवटचे दोघे खाली जातील". शेवटचे दोघे कुठले? सोडून गेलेला माणूस दहावा धरायचा की तो मोजायचाच नाही? लिहिलेलं नव्हतं. मी जे उरले त्यांतले शेवटचे दोघे धरले. म्हणजे सोडून गेलेला गेला तो गेलाच, शिवाय आठवे आणि नववे असे दोघे खाली. एका श्रेणीतून तीन माणसं कमी झाली, तिथे एक जागा रिकामी राहिली, आणि ते भोक बुजवायला तिसरीतला तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू मी फोन करून वर घेतला. त्याला दोन दिवस विश्वास बसत नव्हता. सोडून गेलेल्याला मी शेवटचा क्रमांक दिला असता, तर फक्त एकच जण खाली गेला असता आणि काका दुसरीतच राहिले असते. हे मला हंगाम संपल्यावर तीन आठवड्यांनी कळलं, भाजी निवडताना. तोवर नव्या याद्या जाहीर झाल्या होत्या.

ठरावाचा उगम तिथला. काकांची त्यावर सही नाही, हेही सांगून टाकतो.

आता ठरावाकडे येतो. तुमचं म्हणणं असं की खाली जायच्या भीतीने माणसं अर्ध्यातून सोडतात; भीती काढली की सोडणं थांबेल. ऐकायला पटतं. मी गेल्या चार हंगामांच्या शीट उघडून बसलो आणि कोण कधी गेलं ते पाहिलं. खाली जायच्या कडेला असलेले जवळजवळ कुणीच गेलेले नाहीत. नववा-दहावा माणूस शेवटच्या फेरीला सगळ्यांच्या आधी हजर असतो. त्याचा डाव आठ जण बघत बसलेले असतात, अर्धा गुण मिळाला तर कोण वाचेल याची गणितं ग्रुपवर चालू असतात. जातात ते मधले. पाचवा, सहावा. सहा फेऱ्या झाल्यात, वर जाणं शक्य नाही, खाली जाणंही शक्य नाही, घरी पाहुणे आलेत, समोरच्याला बुधवार जमत नाही. अशा डावाला एक आठवडा उशीर होतो, मग दुसरा, मग मी पुढे चाल लिहितो.

म्हणजे ज्यांच्या डावावर काहीतरी अवलंबून आहे ते खेळतात, ज्यांच्यावर काही नाही ते गळतात. चढ-उतार काढून टाकला तर दहाच्या दहा जण मधले होतील.

सांगलीला नूतन बुद्धिबळ मंडळाच्या उन्हाळी स्पर्धांना जाणाऱ्यांपैकी बरेच जण आपल्यात आहेत. ते म्हणतील, तिथे कुठे चढ-उतार होता? नव्हता, पण तिथे माणूस समोर बसलेला असायचा. टेबलावरून उठून निघून जाणं वेगळं आणि ब्राउझरची टॅब बंद करणं वेगळं. समोरच्याचे डोळे नसतात तेव्हा तक्त्यातला क्रमांकच माणसाला धरून ठेवतो.

रेटिंगचं मात्र एकदा बोलून टाकतो. रेटिंगनुसार गट पाडणं सोपं आहे, माझं तर कामच निम्मं होईल. पण कुठलं रेटिंग? फिडेचं आपल्यातल्या निम्म्यांना नाही. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवरचं धरलं, तर ते ग्लिको-२ पद्धतीने निघतं आणि फिडेच्या आकड्याशी त्याची बरोबरी लावता येत नाही. शिवाय तिथेही डावाच्या वेळेनुसार बुलेटचं वेगळं, ब्लिट्झचं वेगळं, रॅपिडचं वेगळं. एकाचं ब्लिट्झ हजारो डावांचं आहे आणि रॅपिडचे उभ्या जन्मात वीस डाव. रात्री दोनला झोप लागत नाही म्हणून खेळलेल्या चाळीस डावांवर कुणी पहिलीत बसेल की तिसरीत, हे ठरावं? आणि ज्याला खालच्या गटात जाऊन पहिला नंबर मारायचाय, त्याने महिनाभर आधी चार-सहा डाव फेकून दिले तर मी काय करणार? आत्ता दुसऱ्या श्रेणीत बसलेला प्रत्येक माणूस इथल्या नऊ जणांशी खेळून तिथे बसलाय. त्याची जागा कशी आली ते शीटवर बोट ठेवून दाखवता येतं.

मला यावर उपाय सुचला तो जपानकडे बघून. शोगी म्हणजे त्यांचं बुद्धिबळ. मारलेली सोंगटी आपल्या बाजूने परत पटावर उतरवता येते, एवढा फरक आत्ता पुरे. त्यांच्या व्यावसायिक खेळाडूंची एक लीग १९४६ पासून चालू आहे, जुनिसेन नावाची. पाच श्रेणी: वर ए, मग बी-१, बी-२, सी-१, सी-२. नवा व्यावसायिक कितीही गाजलेला असो, सी-२ पासून सुरुवात. वर्षाला साधारणपणे एक पायरी, त्याहून झटपट जाता येत नाही. ए श्रेणीत दहा जण असतात, त्यांतला पहिला येणारा मेइजिनला, म्हणजे विजेत्याला, आव्हान देतो आणि शेवटचे दोघे बी-१ ला उतरतात. थोडक्यात, आपलंच घर, फक्त आपल्यापेक्षा सुमारे पंच्याहत्तर वर्षं जुनं.

त्यांच्याकडे समान गुण झाले तर सोनबॉर्न-बर्गर वगैरे भानगड नाही. (हरवलेल्यांचे पूर्ण गुण, बरोबरी केलेल्यांचे अर्धे, मग बेरीज: हे मी दर हंगामाला किमान चार पालकांना फोनवर समजावतो आणि चौघंही शेवटी म्हणतात, "बरं, तुम्ही म्हणता तसं.") चढ-उतार ठरवताना तिथे गेल्या हंगामाचा क्रमांक बघतात. ज्याचा वरचा, तो पुढे. हंगाम सुरू व्हायच्या आधी यादी भिंतीवर लागलेली असते आणि तुमच्या नावापुढचा आकडा पुढचं वर्षभर तुमच्या उपयोगी पडतो नाहीतर अंगाशी येतो.

किती अंगाशी येतो? फुजिई सोता हे नाव तुम्ही ऐकलं असेल. २०१८ मध्ये पंधरा वर्षांचा हा मुलगा सी-२ मध्ये दहापैकी दहा डाव जिंकून सी-१ ला गेला. पुढच्या हंगामात तिथे त्याने दहापैकी नऊ जिंकले. नऊ जिंकणारे चौघे निघाले आणि वर जागा दोन. फुजिई नुकताच वर आलेला, त्यामुळे यादीत बराच खाली, आणि म्हणून तो तिथेच राहिला. वर गेलेल्या दोघांपैकी एक होते सुगिमोतो, पन्नास वर्षांचे, फुजिईचे स्वतःचे गुरू. चेला देशभर गाजत होता आणि वर्ग पुढे सरकला गुरुजींचा. फुजिई पुढच्या वर्षी परत त्याच श्रेणीत बसला आणि दहाच्या दहा जिंकून गेला. २०२३ मध्ये वीस वर्षांचा असताना मेइजिन झाला, आजवरचा सगळ्यात लहान. मधलं ते एक वर्ष त्याला कुणी माफ केलं नाही, आणि त्याचं रेटिंग काय म्हणतं हे कुणी विचारलंही नाही.

आपल्या मधल्यांवरचं औषध मला यात दिसतं. पुढच्या हंगामापासून श्रेणीतला प्रत्येक क्रमांक पुढच्या हंगामाची यादी ठरवेल, आणि समान गुणांवर ती यादी चालेल. मग पाचवा आणि सहावा यांत फरक राहील. सहाव्या फेरीनंतर वर-खाली काहीच शक्य नसलेल्या माणसालाही बुधवारचा डाव खेळायला कारण असेल, कारण तो अर्धा गुण त्याला पुढच्या दिवाळीनंतर लागू शकतो. माझी फोनवरची शिकवणीही बंद होईल, हा स्वार्थ आहेच.

खाली जाण्याचं काय, तर तिथे माझी एक तडजोड आहे. महाराष्ट्रात शिकलेल्याला एटीकेटी समजावून सांगावी लागत नाही. दहावा सरळ खाली, खालच्या श्रेणीचा पहिला सरळ वर. नववा आणि खालच्या श्रेणीचा दुसरा यांची गाठ घालायची: दोन डाव, एक पांढऱ्याने, एक काळ्याने. एक-एक झालं तर जो वर आहे तो वरच राहील. हे अन्यायाचं वाटत असेल त्यांना १९८७ चं सेव्हिल आठवावं. कास्पारोव्ह आणि कार्पोव्ह जगज्जेतेपदासाठी चोवीस डाव खेळले, १२-१२ झालं, आणि विजेतेपद ज्याच्याकडे होतं त्या कास्पारोव्हकडेच राहिलं. त्यासाठी त्याला शेवटचा, चोविसावा डाव जिंकावाच लागला होता. वरच्याला काढायचं तर खालच्याने त्याला हरवून दाखवावं, बरोबरीवर खुर्ची मिळत नाही.

आणि जो अर्ध्यातून जाईल तो दहावा. चार डाव खेळून जावो की आठ. त्याचे निकाल ठेवायचे की पुसायचे ते फिडेच्या नियमानेच, पण क्रमांक दहावा आणि परत यायचं असेल तर प्रतीक्षा यादीतून, चौथ्या श्रेणीत. त्याच्या जाण्यामुळे दुसऱ्या कुणाला खाली ढकलायचं नाही. ही ओळ सहा वर्षांपूर्वी लिहायला हवी होती.

अर्ज भरताना शंभर रुपये अनामत घ्यावी, असंही माझ्या मनात आहे. नवही डाव खेळणाऱ्याला शेवटी परत, सोडून जाणाऱ्याचं डिपॉझिट जप्त. रक्कम क्षुल्लक आहे, पण निवडणुकीच्या निकालात ते दोन शब्द छापून येतात तेव्हा काय वाटतं हे आपल्याला माहीत आहे. परदेशातल्या मंडळींनी शंभर रुपये कसे पाठवायचे हे अजून ठरलेलं नाही. तिकडच्या एकाने दुसऱ्या एका इकडच्याला जामीन ठेवावं, असा माझा बेत आहे.

शेवटच्या फेरीबद्दलही बोलायला हवं, नाही तर म्हणाल की अडचणीचा भाग गाळला. गेल्या हंगामात तिसऱ्या श्रेणीत नवव्या फेरीचा एक डाव आठ चालींत बरोबरीत सुटला. दोघांना अर्धा-अर्धा गुण पुरेसा होता, दोघे वाचले. तिसरा एक जण, ज्याचा डाव दोन दिवस आधीच झाला होता, तो बुडाला. दोघांनी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. आठ चालींत बरोबरी करायला ठरवावं लागतच नाही, दोघांनीही तक्ता पाहिलेला असला की पुरतं.

ही गोष्ट चढ-उतारांइतकीच जुनी आहे. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये दुसरी श्रेणी १८९२ मध्ये आली. तेव्हा आपोआप चढ-उतार नव्हता, वरच्या श्रेणीतले तळाचे आणि खालच्या श्रेणीतले वरचे संघ आपसात चाचणी सामने खेळायचे आणि त्यावर ठरायचं. १८९८ च्या एप्रिलमध्ये शेवटच्या चाचणी सामन्यात स्टोक आणि बर्न्ली समोरासमोर आले. बरोबरी झाली तर दोघेही पहिल्या श्रेणीत, हे दोघांना माहीत होतं. सामना ०-० सुटला. गोल करायची कुणाला इच्छाच नव्हती, असा बोभाटा झाला. लीगने चाचणी सामने बंद करून टाकले आणि आपोआप चढ-उतार आणला. पहिली श्रेणीही अठरा संघांची केली, त्यामुळे ब्लॅकबर्न आणि न्यूकॅसललाही आत जागा मिळाली. सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांच्याकडे नेमकी आपल्यासारखी रड होती, आणि त्यांनी श्रेणी मोडल्या नाहीत.

माझी एटीकेटी त्या चाचणी सामन्यांसारखीच नाही का, असं कुणी विचारेल. तिथे चार संघांची छोटी साखळी होती, म्हणून दोघांना एकाच वेळी फायद्याची बरोबरी शक्य झाली. दोघांच्या दोन डावांत एकजणच वर बसू शकतो, तिथे मिळून खायला काही नाही. आणि नवव्या फेरीपुरता नियम असा करू: श्रेणीतले पाचही डाव एकाच दिवशी, एकाच वेळी. बाकी आठ फेऱ्या तुम्ही आपसात ठरवा, मंगळवारी खेळा की गुरुवारी पहाटे. नववी फेरी रविवारी रात्री ९ वाजता, भारतीय वेळ. न्यू जर्सीला तेव्हा सकाळ असते, लंडनला दुपार, दुबईला साडेसात, सिंगापूरला साडेअकरा. मेलबर्नच्या दोघांना रात्री दीड वाजता बसावं लागेल. त्यांच्याशी मी बोललोय. एक म्हणाला चालेल. दुसऱ्याने काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

राहिली वीज आणि नेट. "सर लाईट गेली" हा मेसेज मला रविवारी ९ वाजून ७ मिनिटांनी येतो आणि ९ वाजून ८ मिनिटांनी समोरच्याचा येतो, "मी काय करू?" सध्याचा नियम कडक आहे: घड्याळ चालू राहतं, वेळ संपली की डाव गेला. यावर चर्चा नेहमी २०२० च्या ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडवर, म्हणजे देशांच्या सांघिक स्पर्धेवर, येते, म्हणून दोन्ही बाजू सांगतो. उपांत्यपूर्व फेरीत भारताविरुद्ध आर्मेनियाच्या मार्तिरोस्यानचं कनेक्शन गेलं, वेळ संपून त्याचा डाव गेला, आर्मेनियाचं अपील फेटाळलं गेलं आणि ते दुसरा सामना न खेळता निघून गेले. दोनच दिवसांनी, ३० ऑगस्टला, रशियाविरुद्धच्या अंतिम फेरीत भारताच्या निहाल सरिनचं आणि आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचं कनेक्शन गेलं. त्या दिवशी क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीची सेवा जगभर विस्कळीत झाली होती. फिडेच्या अध्यक्षांनी सुवर्णपदक दोन्ही देशांना दिलं. आपल्याला आनंद झाला, आर्मेनियात काय वाटलं असेल ते वेगळं.

त्यातून मला एवढंच घेता येतं: नेट एकाच घरचं गेलं तर त्याचा डाव गेला, आख्खी साइटच बंद पडली तर डाव पुन्हा. नांदेडच्या, शाळेत सातवीत असलेल्या आपल्या खेळाडू मुलीने गेल्या हंगामात यावर स्वतःचा तोडगा काढला होता. लॅपटॉप चार्ज, शेजारी वडिलांचा फोन हॉटस्पॉट चालू करून तयार, आणि आईचा फोन त्याच्याही मागे राखीव. तिसऱ्या फेरीत लाईट गेली तेव्हा तिची अकरा सेकंदं गेली, बस. समोरच्याला कळलंही नाही. नंतर तिने मला विचारलं, ही युक्ती नियमात लिहिणार का. लिहितो.

इंजिनचं, म्हणजे संगणकाला विचारून चाली करण्याचं, वेगळं पत्र लागेल. इथे एवढंच, की साइटने खातं बंद केलं तर तो खेळाडू सोडून गेलेल्यांत धरला जाईल, दहावा, आणि मी स्वतः कुणाच्या चाली तपासून न्यायनिवाडा करणार नाही. ते माझं काम नाही आणि मला ते जमतही नाही.

तर रविवारी मतपत्रिकेवर तुमच्या ठरावासोबत माझा दुसरा पर्याय असेल: चढ-उतार राहील, नवव्याला एटीकेटी, समान गुणांवर गेल्या हंगामाची यादी, सोडणारा दहावा, नववी फेरी एकाच वेळी. तुमचा ठराव जिंकला तरी पुढच्या हंगामाच्या जोड्या मीच लावीन, रुसणार नाही. फक्त रेटिंग कुठलं धरायचं ते सांगणारी एक समिती तेवढी नेमा, त्यात मला घेऊ नका.

काकांना मी मागच्या आठवड्यात फोन केला. चूक कबूल केली आणि म्हटलं, हवं असेल तर या हंगामापुरती दुसरी श्रेणी अकरा जणांची करतो, तुम्ही आत या. पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही, मग पटावर सोंगट्या मांडल्याचा आवाज. म्हणाले, "अकरा जण म्हणजे दर फेरीला कुणालातरी बाय. कशाला वाढवता काम?" त्यांचा अर्ज तिसऱ्या श्रेणीत आलाय. वेळेच्या रकान्यात लिहिलंय: कोणताही दिवस, रात्री ९ नंतर नको. नवव्या फेरीचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तुमचा,
जोड्या लावणारा

ता. क. पाडव्यानंतरचा हंगाम सुरू होईल तेव्हा घड्याळं बदलायचे दिवस असतात. अमेरिकेची मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपची शेवटच्या रविवारी, आणि मेलबर्नची एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतात. भारताचं घड्याळ कधीच बदलत नाही. वेळ ठरवताना "तुमचे नऊ की आमचे नऊ" असं विचारू नका, भारतीय वेळ लिहा. मागच्या वर्षी लंडन आणि न्यू जर्सीचे दोघे एकाच डावाला एक तासाच्या अंतराने येऊन गेले आणि दोघांनीही माझ्याकडे पुढे चाल मागितली.